हाडांचा जमाखर्च आणि पुण्याचे उंदीर
(रुग्णालयाच्या वर्धापनदिन समारंभात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी आम्ही या व्यासपीठावर उभे राहतो ते आकडे घेऊन. किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले आणि त्यातून किती खर्ची पडले, हे सांगणे हेच आमचे काम. यंदाचा ताळेबंद छापील स्वरूपात आपल्या हाती आहे. तो पुन्हा वाचून दाखविण्यात आपला वेळ घेणार नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते उंदरांविषयी.

सभागृहात थोडे हसू उमटले, ते स्वाभाविक आहे. अमरावती विद्यापीठाची बी.कॉम.ची पदवी घेऊन ज्याने सारी नोकरी पावत्या आणि व्हाउचर तपासण्यात घालविली, त्याने जीवशास्त्रावर बोलावे, हे आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांनाही प्रथम गंमतीचे वाटले. परंतु या विषयाचा आणि आमच्या लाल पेन्सिलीचा जवळचा संबंध आहे. तो आधी सांगितला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी औषध उपसमितीच्या बैठकीसाठी आम्ही एक यादी तयार करीत होतो. निर्धन रुग्णांना निधीतून कोणती औषधे द्यावयाची आणि कोणती त्यांनी स्वतः घ्यावयाची, अशी ती यादी. आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तीत एक इंजेक्शन सुचविले होते. खुब्याचे हाड मोडून ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे अशा वृद्धांना ते वर्षातून एकदा शिरेतून द्यावयाचे होते. नाव झोलेड्रॉनिक ॲसिड. आम्ही विचार केला, की हाड मोडले होते ते सळई घालून बसविले, रुग्ण वॉकर धरून चालत घरी गेला, म्हणजे ते खाते बंद झाले. त्यावर पुन्हा दरवर्षी खर्च कशासाठी? आम्ही त्या ओळीवर लाल रेघ मारली आणि बाजूला शेरा लिहिला, "शस्त्रक्रियेनंतर अत्यावश्यक नाही." समितीने आमच्या शेऱ्यावर विश्वास ठेवला. दोष समितीचा नव्हे.

आम्ही एकटेच असा विचार करीत होतो असेही नाही. बाह्यरुग्ण विभागात एका आजींचा मुलगा आम्हांला म्हणाला होता, "साहेब, हाड तं जुडलं न आता. मंग हे सुई कायले पायजे?" त्या वेळी आम्हांला त्याचे म्हणणे अगदी आमच्यासारखे, म्हणजे शहाणपणाचे वाटले होते.

पुढच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत त्याच आजी पुन्हा आल्या. प्रथम उजवा खुबा मोडला होता, आता डावा. पडल्याही कशा, तर मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळून, उभ्याच्या उभ्या. आपल्या डॉक्टरांनी दोन्ही वेळच्या एक्स-रे फिल्म प्रकाशपेटीवर शेजारी शेजारी लावल्या आणि आम्हांला बोलावून घेतले. ते काही बोलले नाहीत. आम्हीच विचारले, "डॉक्टरसाहेब, ते इंजेक्शन दिले असते तर हे टळले असते का?" त्यांचे उत्तर आम्हांला आजही आठवते. ते म्हणाले, "या आजींचे टळलेच असते, असे मी सांगू शकत नाही. शंभर आजींपैकी काहींचे नक्की टळले असते, एवढे सांगू शकतो."

मग त्यांनी आकडे दिले. आकडे ही आमची भाषा, म्हणून ते आम्ही जपून ठेवले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत खुब्याच्या अस्थिभंगाची शस्त्रक्रिया झालेल्या २,१२७ रुग्णांचा समावेश होता. शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत निम्म्यांना हे इंजेक्शन आणि निम्म्यांना नुसते सलाइन देण्यात आले, व पुढे ते दरवर्षी देण्यात आले. सलाइन मिळालेल्यांत शेकडा १३.९ जणांना पुन्हा कोठे तरी अस्थिभंग झाला, तर इंजेक्शन मिळालेल्यांत शेकडा ८.६ जणांना. मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे १३.३ आणि ९.६ असे होते. म्हणजे इंजेक्शन घेऊनही काहींची हाडे मोडलीच. परंतु १३.९ आणि ८.६ यांमध्ये जे अंतर आहे, ते आमच्या लाल रेघेखाली दडले होते.

त्या आजींचे दुसरे ऑपरेशनही आपल्याच रुग्णालयात झाले. त्या आहेत. मात्र पुन्हा शेतात गेल्या नाहीत. ओसरीवर बसून नातवंडे सांभाळतात, आणि उठताना कोणी तरी हाताला धरावे लागते.

या प्रसंगानंतर आम्ही डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसू लागलो. हाड जुळल्यावरही औषध का लागते, हे समजल्याविना पुन्हा सही करावयाची नाही, असे ठरविले. त्यांनी आम्हांला जे शिकविले, ते आमच्या पद्धतीने आपणांपुढे मांडतो. शास्त्रीय बारकावे कोठे निसटले तर तो दोष विद्यार्थ्याचा समजावा.

आपण समजतो की हाड म्हणजे दगडासारखी मृत वस्तू. घराचा पाया जसा एकदा भरला की भरला, तसे ते. वास्तविक हाड हे चालू खाते आहे. त्यातून रोज काही काढले जाते आणि रोज काही भरले जाते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी जुना जाऊन नवा होतो. काढणाऱ्या पेशी निराळ्या, भरणाऱ्या निराळ्या. काढणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. आपण त्यांना अस्थिभक्षक पेशी म्हणू. एकेका पेशीत अनेक केंद्रके असतात, कारण लहान लहान पेशी एकत्र येऊन, एकमेकींत विलीन होऊन ती बनते. ती हाडाच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटते, कडेने मोहोरबंद करते आणि आतल्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लाने खनिज विरघळते, मागोमाग एन्झाइम येऊन उरलेले तंतू तोडतात आणि तेथे एक खळगा तयार होतो. मग अस्थिजनक पेशी येऊन तो खळगा भरून काढतात.

हे एवढ्यासाठी की रस्त्याचे जुने डांबर उकरल्याविना नवे धरत नाही. (आमच्या भागात उकरण्याचे काम वेळेवर होते आणि भरण्याचे राहते, हा अनुभव आपणां सर्वांना आहे, हाडांचेही नेमके तेच दुखणे आहे.) एक खळगा पोखरायला दोन-तीन आठवडे लागतात, तोच भरून पक्का व्हायला तीन-चार महिने. त्यामुळे पोखरणाऱ्या टोळ्या थोड्या जरी वाढल्या, तरी भरणारे मागे पडतात. स्त्रियांची मासिक पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होते आणि या टोळ्यांवरचा लगाम सैल पडतो. आपल्या आजींच्या खात्यात वीस-पंचवीस वर्षे काढणे अधिक आणि भरणे कमी, असेच चालले होते. सळईने मोडलेली जागा सांधली, पण खाते तसेच तुटीत राहिले. आम्ही वाणिज्य शाखेचे असून हेच आमच्या ध्यानात आले नाही.

आता प्रश्न असा, की या अस्थिभक्षक पेशींना हुकूम कोण देतो? येथून उंदरांची गोष्ट सुरू होते.

प्रयोगशाळांत उंदरांची एक जात पूर्वीपासून ठाऊक होती. तिच्यातील पिलांची हाडे दगडासारखी घट्ट होत आणि त्यांना दात फुटत नसत. दात वर यायचा तर त्याच्या वाटेवरचे हाड कोणी तरी खाल्ले पाहिजे, आणि या पिलांत ते खाणारेच जवळजवळ नव्हते. १९९० साली उलगडा झाला, की या पिलांत एम-सीएसएफ नावाचा एक संदेशवाहक रेणू बनत नाही. रक्तातील कोवळ्या पेशींना वाढण्याचा निरोप त्या रेणूकडून मिळतो. आणि तो निरोप घेण्यासाठी कोवळ्या पेशीच्या अंगावर एक खास कुलूप असते. त्याला शास्त्रज्ञ रिसेप्टर म्हणतात, मराठी पुस्तकांत ग्राही असा शब्द आहे. किल्ली योग्य असेल तरच कुलूप फिरते आणि पेशीच्या आत हुकूम पोहोचतो.

दुसरे कुलूप त्यानंतर काही वर्षांतच सापडले. त्याचे नाव रँक, आणि त्याच्या किल्लीचे नाव रँक-लिगँड. हाड बनविणाऱ्या पेशी व शरीराच्या संरक्षण दलातील टी पेशी ही किल्ली तयार करतात. ती कोवळ्या पेशीवरील रँकच्या कुलपात बसली की त्या पेशीला अस्थिभक्षक होण्याचा हुकूम मिळतो. १९९९ साली ज्या उंदरांत ही किल्ली मुळातच बनू दिली नाही, त्यांत एकही अस्थिभक्षक पेशी तयार झाली नाही. पुन्हा तेच चित्र, हाडे घट्ट आणि दात हिरडीखाली अडकलेले. विशेष म्हणजे त्या उंदरांत लसिकाग्रंथीही तयार झाल्या नाहीत. हाडांचा आणि रोगप्रतिकाराचा कारभार एकाच किल्लीवर काही अंशी चालतो, हे त्यावरून दिसून आले.

त्याआधी, १९९७ साली, ऑस्टिओप्रोटेगेरिन नावाचा एक तिसरा रेणू ओळखला गेला होता. तो आहे फसवे कुलूप. पेशीच्या अंगावर न बसता तो मोकळा फिरतो आणि किल्ली स्वतःमध्ये अडकवून घेतो; खऱ्या कुलपापर्यंत ती पोहोचतच नाही. हे फसवे कुलूप जादा असलेल्या उंदरांची हाडे घट्ट झाली. ज्यांत ते नव्हते त्यांची हाडे पोकळ होऊन मोडली. आम्हांला हे ऐकताना आपल्या कार्यालयातील आवक-जावक लिपिकाची आठवण झाली. काही कागद साहेबांच्या टेबलावर पोहोचण्याआधी तोच अडवून ठेवतो, आणि बहुधा ते बरेच असते.

या साऱ्यावरून अस्थिभक्षक पेशी म्हणजे शत्रू, असा समज कोणी करून घेऊ नये. माणसांतही काही दुर्दैवी बालके अशी जन्मतात की त्यांच्यात या पेशी काम करीत नाहीत. त्यांची हाडे दाट दिसतात, पण ठिसूळ असतात, आणि हाडांनी मज्जेची जागा व्यापल्यामुळे रक्त तयार होईनासे होते. खर्चच न करणारी संस्थाही चालत नाही, हे हिशेबनीसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातील काम. हे सांगताना आम्हांला विशेष आनंद होतो. पुणे येथे विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र ही केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाची संस्था आहे. तेथे डॉ. मोहन वाणी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नेमक्या याच प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले. त्यांनी हाती घेतलेला रेणू होता इंटरल्यूकिन-३. संरक्षण दलातील टी पेशी चेतावल्या की हा रेणू सोडतात.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात त्यांनी दाखविले, की उंदराच्या कोवळ्या पेशींना रँकची किल्ली देत असतानाच इंटरल्यूकिन-३ दिले, तर त्या अस्थिभक्षक होत नाहीत. त्या मरतही नाहीत. त्या वाट बदलतात आणि मॅक्रोफेज, म्हणजे जंतू व कचरा गिळणाऱ्या पेशी होतात. आणि एकदा वाट बदलली की पुन्हा मागे फिरत नाहीत. घर पाडण्याच्या ठेकेदाराकडे निघालेला मुलगा वाटेतच नगरपालिकेच्या सफाई खात्यात कायम व्हावा, तसे हे आहे.

हाड खाण्याचा हुकूम देणारी दुसरीही एक वाट असते. सांधेदुखीत, विशेषतः आमवातात, सुजलेल्या सांध्यात टीएनएफ नावाचा रेणू फार वाढतो आणि त्याच्यामुळेही अस्थिभक्षक पेशी तयार होतात. वर्षानुवर्षे आमवात सोसलेल्या बायांची बोटे वाकडी झालेली आपण पाहतो, त्यामागे हे हाड पोखरणे असते. २००५ साली पुण्याच्या याच गटाने सांगितले, की इंटरल्यूकिन-३ दिल्याने कोवळ्या पेशीच्या अंगावरील टीएनएफची दोन्ही कुलपे, म्हणजे एक व दोन क्रमांकाचे रिसेप्टर, कमी होतात. किल्ल्या कितीही फिरोत, दारावर कुलूपच नाही तर हुकूम आत जाणार कसा? पुढे २००९ साली त्यांनी जिवंत उंदरांत संधिवात उत्पन्न करून पाहिला आणि इंटरल्यूकिन-३ ने तो रोखला जातो, असे प्रसिद्ध केले.

एवढ्यावर ते थांबले असते तर आम्ही आपणांस त्यांच्याविषयी इतक्या विश्वासाने सांगितले नसते. २०१० साली त्यांनी माणसाच्या पेशी घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर अर्धे जुळले, अर्धे निराळे आले. माणसाच्या पेशींतही अस्थिभक्षक होणे थांबले. तेथे एम-सीएसएफचे जे कुलूप मघाशी सांगितले, तेच कमी झालेले दिसले. पण उंदराच्या पेशी मॅक्रोफेज झाल्या होत्या, माणसाच्या पेशी मात्र डेंड्रायटिक नावाच्या निराळ्या जातीच्या झाल्या. म्हणजे उंदीर दार दाखवितो, पण घर माणसाचे आहे आणि आतल्या खोल्या वेगळ्या आहेत. जे रुग्ण वा नातेवाईक वर्तमानपत्रातील "उंदरांवरील प्रयोग यशस्वी" असे मथळे कापून आमच्याकडे आणतात आणि औषध कधी येणार असे विचारतात, त्यांना आम्ही हे सांगत असतो. इंटरल्यूकिन-३ हे हाडांचे औषध म्हणून आज कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ते आपल्या यादीत नाही, आणि आम्ही ते काटलेलेही नाही.

मग या उंदरांपासून आपल्या रुग्णांपर्यंत काय आले? दोन गोष्टी सांगतो. टीएनएफला वाटेतच अडविणारी औषधे १९९० च्या दशकाच्या अखेरीस आमवातासाठी वापरात आली. त्यांपैकी एक तर स्वतःच फसवे कुलूप आहे, टीएनएफच्या रिसेप्टरचाच मोकळा तुकडा. ती महाग आहेत आणि आपल्या भागात त्यांचा आणखी एक धोका आहे. शरीरात दडून राहिलेला क्षय त्यांमुळे डोके वर काढू शकतो. म्हणून क्षयाची तपासणी केल्याविना ती सुरू करीत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे डेनोसुमॅब. रँकच्या किल्लीलाच पकडून ठेवणारे हे औषध २०१० साली अमेरिकेत व युरोपात मान्य झाले. उंदरांतील फसव्या कुलपाचे काम ते माणसात करते. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली एक सुई. परिणाम चांगला, देणे सोपे. औषध उपसमितीत यावर बराच ऊहापोह झाला, आणि एका तरुण डॉक्टरांचा आग्रह होता की आपण हेच निवडावे. परंतु या औषधाची एक अट आहे. ते मध्येच बंद केले आणि त्याजागी दुसरे काही दिले नाही, तर थोपवून धरलेल्या पेशी एकदम उसळून येतात आणि पाठीच्या मणक्यांचे अनेक अस्थिभंग होऊ शकतात.

येथे आमच्या बी.कॉम.चा प्रथमच काही उपयोग झाला. आम्ही तारखांची नोंदवही उघडली. आपल्याकडील रुग्ण उमरखेड, घाटंजी, झरी-जामणी अशा दूरदूरच्या गावांतून येतात. आजींना आणायचे तर मुलाला एक दिवस मजुरी सोडावी लागते. जूनमध्ये दिलेल्या सुईची पुढची तारीख डिसेंबरात, म्हणजे ऐन वेचणीत येते. ती तारीख चुकणार, हे आम्हांला औषधशास्त्र न शिकताही कळत होते. झोलेड्रॉनिक ॲसिडचे तसे नाही. ते हाडात जाऊन बसते, अस्थिभक्षक पेशी हाड खाताना तेच गिळते आणि निकामी होते. एखादे वर्ष उशीर झाला तरी त्याचा असर टिकून असतो. म्हणून आपल्या रुग्णालयाने वर्षातून एकदाचे जुने इंजेक्शन निवडले. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयाने कदाचित उलट ठरविले असते, आणि तेही तेथे बरोबर ठरले असते.

त्याच बैठकीत आमची लाल रेघ खोडण्यात आली. ठराव आम्हीच मांडला.

आता एका प्रश्नाविषयी, जो गेल्या वर्षी याच सभागृहात विचारण्यात आला होता. एका ज्येष्ठ देणगीदारांनी उभे राहून म्हटले होते, "आमच्या घरात मुंगीवरही पाय पडू नये म्हणून जपतात. ज्या औषधासाठी उंदीर मारले, त्याला आमचा पैसा कसा द्यावा?" त्या वेळी आम्ही आभार मानून वेळ मारून नेली. ते बरोबर नव्हते, म्हणून आज उत्तर देतो.

आपल्या देशात १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याखाली १९९८ साली प्रयोगांसंबंधी नियम झाले. संस्थेची नोंदणी व्हावी लागते, प्रत्येक प्रयोग नीतिसमितीपुढे ठेवावा लागतो, प्राण्यांविना भागत असेल तर प्राणी वापरू नयेत, आणि वापरावयाचे तर कमीत कमी व कमीत कमी वेदना देऊन, असा त्यांचा रोख आहे. वर सांगितलेल्या कामातील मोठा भाग काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींवर झाला आहे. परंतु त्या पेशी उंदराच्या मज्जेतून आल्या होत्या. उंदीर मेले नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. आणि ज्यांना ते मान्य नाही, त्यांची समजूत काढण्याचा अधिकार आम्हांला आहे, असेही आम्हांला वाटत नाही.

त्या देणगीदारांच्या घरी आम्ही स्वतः जाऊन हे सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा दिला, आणि आपली देणगी नेत्रविभागासाठीच वापरावी असे लिहून दिले. त्याप्रमाणे ती वेगळ्या खात्यात ठेवली असून अहवालात तशी नोंद आहे. नेत्रविभागातील औषधेही कधी तरी कोठल्या तरी प्राण्यावर तपासली गेली असतील, हा युक्तिवाद आमच्या जिभेवर आला होता. आम्ही तो केला नाही. तेही हे जाणत असावेत, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

शेवटी आपल्या जिल्ह्यापुरती एक बाब, आणि ती कोठल्याही परदेशी निबंधात नाही. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. पांढरकवड्याकडच्या लोकांना हे सांगायला नको. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर डाग येतात, पुढे मान-पाठ आखडते आणि हाड घट्ट होत जाते. ते यंत्रावर भरीव दिसते, पण असते ठिसूळ. म्हणजे हाडांची घनता मोजणारे यंत्र अशा रुग्णाला "उत्तम" असा दाखला देऊ शकते. पासबुकात शिल्लक दिसावी आणि नोटा खोट्या निघाव्यात, तसा हा प्रकार. अशा रुग्णाला पोखरणे थांबविणारे औषध द्यावे की नाही, हा निर्णय वेगळा घ्यावा लागतो. म्हणून आपले डॉक्टर आता प्रथम विचारतात, "आजी, पाणी कोठले पिता? विहिरीचे, हातपंपाचे, की नळाचे?" हा प्रश्न ऐकून नातेवाईक चकित होतात. हाड मोडले आणि डॉक्टर पाणी कसले विचारतात, असे त्यांना वाटते. कृपया नीट उत्तर द्यावे.

त्याच अनुषंगाने नातेवाइकांसाठी काही सूचना या भाषणातच सांगून टाकतो, कारण सूचनाफलक कोणी वाचत नाही. इंजेक्शनपूर्वी मूत्रपिंडाची तपासणी आणि रक्तातील कॅल्शियम व ड जीवनसत्त्व पाहिले जाते. ते कमी असल्यास आधी भरून काढावे लागते, त्यामुळे एक फेरी वाया गेली असे समजू नये. दात काढावयाचा असेल तर आधी सांगावे. पहिल्या इंजेक्शननंतर एक-दोन दिवस ताप व अंगदुखी येऊ शकते. ज्यांना इंजेक्शनऐवजी आठवड्याची गोळी दिली आहे, त्यांनी ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर नव्हे. आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये.

येताना मागची एक्स-रे फिल्म आणावी, ती घरात पत्र्याच्या पेटीत तळाशी असते. आणि ज्यांच्या गावी हातपंपाचे पाणी पितात, त्यांनी स्वच्छ धुतलेल्या बाटलीत त्या पाण्याचा लिटरभर नमुना सोबत आणावा. बाटलीवर गावाचे नाव आणि हातपंप कोणत्या घराजवळ आहे, ते लिहावे. नमुना तपासून घेण्याचा खर्च निधीतून केला जाईल. त्या खर्चाची ओळ यंदाच्या यादीत आहे, आणि तिच्यासमोर सही आमची आहे.